सतरा ओळींची मण्यार

नसीम मुलाणीचं नाव दंशवाचकाच्या पडद्यावर कुठंच येत नसे. पण त्या पडद्यावर सापाचं जे नाव उमटे, ते तिनं ठरवलेलं असे.

सोलापुरातल्या सर्पदंश संदर्भ केंद्रात ती यादीप्रमुख होती. यादी सापांची. पूर्वी साप चावला की सगळ्यांना एकच प्रतिविष मिळायचं. घोड्यांच्या रक्तातून काढलेलं, चार जातींच्या विषांवर मिळून एक. दहा-दहा, वीस-वीस बाटल्या चढवाव्या लागत आणि त्यातही कुणाच्या अंगावर पित्त उठे, कुणाचा रक्तदाब कोसळे. आता घोडे सुटले होते. यीस्टच्या टाक्यांमध्ये प्रत्येक जातीच्या विषासाठी वेगळं प्रतिविष तयार होत होतं. करंगळीएवढी कुपी, एक इंजेक्शन, त्रास जवळजवळ नाहीच. अट एवढीच होती की सापाचं नाव बरोबर हवं.

ते नाव दंशवाचक सांगायचा. जेवणाच्या डब्याएवढं यंत्र. चाव्याच्या जागी कापसाचा बोळा फिरवायचा आणि यंत्रात ठेवायचा. सापाच्या लाळेतून आलेल्या पेशी त्या बोळ्यावर असतात. यंत्र त्यांतली जनुकं वाचतं, नसीमच्या यादीशी ताडून बघतं आणि अकरा मिनिटांत जात सांगतं. लगेच शेजारच्या औषधपेटीचा तेवढाच एक कप्पा उघडतो. साप कुणी पाहिला, कसा होता, किती लांब होता, असले प्रश्न आता कुणी विचारत नसे.

२०४१ सालच्या एप्रिलमधल्या एका मंगळवारी, सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी नसीमचा फोन वाजला. धामणखेडच्या ग्रामीण रुग्णालयातून डॉक्टर शुभदा ढाकणे बोलत होती.

"मॅडम, मण्यारीची केस आहे. पाच वीसला कुपी दिली. पेशंट सुधारत नाहीये."

"यंत्रानं नाव काय दिलं?"

"साधी मण्यार. जुळणी नव्याण्णव पूर्णांक सहा टक्के."

"मग बरोबर आहे. थोडा वेळ द्या. मण्यारीचं विष नसांची टोकं धरून बसतं, सुटायला वेळ लागतो."

शुभदा म्हणाली, "मॅडम, इथं आल्यापासून मी मण्यारीचे एकतीस पेशंट बघितलेत. तासा-दीड तासात पापण्या उघडायला लागतात. हिच्या अजून मिटत चालल्यात. पावणेसातला श्वास अडखळला म्हणून व्हेंटिलेटरवर घेतलंय. आमच्याकडं व्हेंटिलेटर एकच आहे. एकोणतीस वय आहे हो तिचं."

तिचं नाव इंदुमती वाघमोडे. बालाघाटाच्या पठारावर मेंढरं घेऊन हिंडणाऱ्या धनगर कुटुंबातली. उकाड्यामुळं सगळे माळावर उघड्यावरच निजले होते. पहाटे इंदुमती पोटात कळ येऊन उठली आणि तिला समोरची एकेक मेंढी दोन-दोन दिसायला लागली. मण्यारीचा चावा दुखत नाही, सुजतही नाही. सासूनं, ठकूबाईनं, वाकळ झटकली आणि खालून साप निघाला, तेव्हा काय झालंय ते कळलं.

"म्हातारीनं साप मारून दुधाच्या किटलीत घालून आणलाय," शुभदा म्हणाली. "मी बाहेर ठेवा म्हटलं, तर ऐकत नाहीत. तुमच्याशी बोलायचं म्हणतात."

फोनवर खरखरीत आवाज आला. "बाई, त्या पेटीला काय म्हणायचं ते म्हणू द्या. ही घरातली मण्यार न्हवं. घरातली येगळी, माळावरची येगळी. माझ्या सासऱ्यानं दावली हुती मला. हिची मान ईतभर कोरी असती, पट्टं मागनं सुरू हुत्यात. आन ही चावली तर माणूस लई दिस पडून ऱ्हातंय. आमच्यात समद्यांला ठावं हाय."

नसीमच्या हातातला चहाचा कप तसाच राहिला. हेच वाक्य, जरा पुस्तकी भाषेत, तिनं एका माणसाच्या तोंडून शंभर वेळा ऐकलं होतं.

तो माणूस म्हणजे प्राध्यापक विरूपाक्ष बिराजदार. तिचे सर. सोलापूरच्या एका कॉलेजात त्यांनी चौतीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं. सापाचे खवले कसे मोजायचे, कवटीचं हाड न मोडता कसं सोडवायचं, हे नसीम त्यांच्याच प्रयोगशाळेत शिकली. फॉर्मलिननं डोळे चुरचुरायला लागले की दोघं व्हरांड्यात येऊन उभी राहत. सरांच्या पत्नी महानंदाकाकू तिला घरी जेवायला थांबवून घेत. रमजानात तर संध्याकाळी तिच्यासाठी ताट वाढून ठेवत.

सरांनी आयुष्यात एकच नवी जात शोधली होती. पठारावरून गोळा केलेल्या नऊ मण्यारी समोर ठेवून त्यांनी दाखवून दिलं होतं की या साध्या मण्यारीपेक्षा वेगळ्या आहेत. साध्या मण्यारीच्या अंगावर मधोमध खवल्यांच्या पंधरा ओळी असतात, यांना सतरा होत्या. विषदाताच्या मागं साध्या मण्यारीला तीन-चार बारके दात असतात, यांना एकच होता. कवटीच्या ठेवणीवरून त्यांचं जवळचं नातं दूर वायव्येकडच्या वाळवंटी मण्यारीशी लागत होतं. सरांनी त्या जातीला बालाघाट मण्यार असं नाव दिलं.

नसीम पुढं हैदराबादला गेली आणि जनुकं वाचायला शिकली. पीएचडीसाठी तिनं सरांचेच नऊ नमुने मागून घेतले. सरांनी कौतुकानं दिले. निकाल आला तो असा, की नऊच्या नऊ साध्या मण्यारी. फरक नाही. तिनं शोधनिबंध लिहिला, बालाघाट मण्यार ही वेगळी जात नाही असं जाहीर केलं, आणि छापून यायच्या आदल्या दिवशी सरांना ईमेल केली. फोन करायचं धाडस झालं नाही. सरांचं एका ओळीचं उत्तर आलं होतं. 'खवले मोजलेस का?'

तिनं मोजले नव्हते. उत्तरही दिलं नाही. त्याला नऊ वर्षं झाली होती. मधे महानंदाकाकू गेल्या, तेव्हाही ती भेटायला गेली नाही. सरांचं घर तिच्या केंद्रापासून स्कूटरवर दहा मिनिटांवर होतं.

"डॉक्टर," ती फोनवर म्हणाली, "तो साप किटलीतून काढून टेबलावर घ्या. मधल्या भागाचे जवळून फोटो पाठवा. आणि खवले मोजा."

"कसे मोजू? मी कधीच—"

"पाठीच्या कण्यावर मोठ्या, सहा कोनांच्या खवल्यांची एक ओळ दिसेल. ती सोडून द्या. तिथून एका बाजूनं पोटाच्या रुंद पट्टीपर्यंत तिरकं खाली मोजत या."

शुभदाचा मोजण्याचा आवाज येत राहिला. एक, दोन, तीन. पाचावर ती थांबली. तिथं काठी बसून कातडी फाटली होती. जरा पुढं सरकून तिनं पुन्हा सुरू केलं. "सात... आठ. मॅडम, आठ."

आठ आणि आठ सोळा, मधली एक. सतरा.

नसीमनं फोटो मोठा करून स्वतः मोजलं. दोनदा. मग कपाट उघडून ओढणी घेतली, स्कूटरची किल्ली घेतली आणि निघाली.

सर अंगणात खुर्ची टाकून बसले होते. मांडीवर ताटली, ताटलीत कडक भाकरी आणि शेंगांची चटणी. चौऱ्याहत्तराव्या वर्षी खूप वाळले होते. तिला बघून त्यांचा हात घासासकट थांबला.

"सर," ती फाटकातूनच म्हणाली, "पठारावर एका बाईला मण्यार चावलीय. साध्या मण्यारीची कुपी लागू पडत नाहीये. सापाला सतरा ओळी आहेत."

सरांनी ताटली खाली ठेवली. "ये की आत. उन्हात काय उभारलीस." मग लगेच, "दात बघितले?"

तिनं फोन लावून त्यांच्या हातात दिला. सर डॉक्टरशी असे बोलायला लागले जसं काही ती त्यांच्या तासाला समोरच्या बाकावर बसलीय. "बाळ, चिमट्यानं वरचा जबडा उचल. बोट घालू नको हं. मेलेल्या सापाच्या दातातनंही विष उतरतं. भिंग आहे? समोरचा विषदात दिसतोय? त्याच्या मागं हाडावर बारके दात किती हाईत, सांग."

 फोनमधून व्हेंटिलेटरची लय ऐकू येत होती. साप बहुतेक वॉर्डातल्याच टेबलावर ठेवला असावा.

"एक," शुभदा म्हणाली. "दुसऱ्या बाजूलाही एकच."

सरांनी फोन नसीमकडे दिला. त्यांच्या चेहऱ्यावर जिंकल्याची खूण शोधायला ती घाबरत होती; पण तिथं नुसतीच काळजी होती.

"खवला एखाद्या सापात कमी-जास्त होतो," ते म्हणाले. "पण ओळी, दात आणि मानेची कोरी जागा, तीनही एकदम चुकत नसतात. ही तीच आहे."

"पण जनुकं साधी मण्यार म्हणतात, सर. नव्याण्णव टक्के. यंत्र चुकलेलं नाही."

"मी कुठं म्हणतोय यंत्र चुकलं. तुझी जनुकं खोटं बोलत नाहीत आणि माझे खवलेबी बोलत नाहीत. मग दोघं दोन गोष्टी का सांगूलालेत, हे कुणीतरी बघायला हवं होतं." ते पुढं म्हणाले, "मीही रागानं बघितलं नाही. तू एकटीच नाहीस."

नसीम अंगणातल्या पायरीवर बसली. स्कूटरवर येताना जे डोक्यात घुमत होतं, ते आता सरळ दिसायला लागलं.

पेशीत जनुकं दोन ठिकाणी असतात. मोठा साठा केंद्रकात. तो अर्धा आईचा, अर्धा बापाचा. अंगावर किती ओळी, तोंडात किती दात, ग्रंथीत कोणतं विष, हे सगळं तिथं लिहिलेलं असतं. आणि एक चिमुकला साठा पेशीच्या तंतुकणिकांमध्ये असतो, तो मात्र फक्त आईकडून येतो. हा चिमुकला साठा एकेका पेशीत शेकड्यांनी असतो, म्हणून तो कापसाच्या बोळ्यावरूनही वाचता येतो आणि वर्षानुवर्षं फॉर्मलिनमध्ये पडलेल्या सापातूनही. दंशवाचक तोच वाचायचा. नऊ वर्षांपूर्वी तिनंही तोच वाचला होता. केंद्रकातली जनुकं मिळू शकली नाहीत, असं एक वाक्य तिनं निबंधात शेवटून तिसऱ्या परिच्छेदात लिहिलं होतं आणि स्वतःच विसरून गेली होती.

"आईकडची तेवढीच वाचली मी," ती म्हणाली. "सर, समजा हजारो वर्षांपूर्वी साध्या मण्यारीच्या काही माद्या पठारावर आल्या. इथल्या नरांशी त्यांचा संग झाला. त्यांच्या लेकी पुन्हा इथल्याच नरांशी, त्यांच्या लेकी पुन्हा. असं शेकडो पिढ्या. तर अंग सगळं पठारावरच्या मण्यारीचं होईल, आणि आईकडून आलेलं तेवढं—"

"तेवढं साध्या मण्यारीचं राहील," सर म्हणाले. "घर विकलं, राहणारे बदलले, दारावरची पाटी जुन्याच मालकाची. तू पाटी वाचलीस." त्यांनी चप्पल पायात सरकवली. "विष घरातल्याचं असणार, पाटीचं नाही. वाळवंटी मण्यारीची कुपी आहे का तुझ्याकडं?"

त्या कुप्या राजस्थानच्या बाजूला पाठवल्या जात. पण तपासणीसाठी केंद्राच्या शीतगृहात दोन ठेवलेल्या होत्या.

"दोन आहेत."

"मग चल की."

सरांना मागं बसवून तिनं स्कूटर पळवली. पावणेनऊ वाजत होते. मण्यारीच्या विषाची गोष्ट अशी असते की ते रक्तात फिरत असेपर्यंत प्रतिविष त्याला गाठू शकतं. एकदा त्यानं नसांची टोकं कुरतडली की मग ती पुन्हा उगवेपर्यंत थांबावं लागतं. तीन आठवडे, कधी सहा. तेवढे दिवस एका ग्रामीण रुग्णालयातल्या एकुलत्या एक व्हेंटिलेटरवर, जिथं उन्हाळ्यात रोज वीज जाते.

शीतगृहातून कुपी काढून ड्रोनमध्ये ठेवायला चार मिनिटं लागली. पण यादीबाहेरचं औषध द्यायचं तर यादीप्रमुखाची लेखी परवानगी लागे. नसीमनं फॉर्म उघडला. पेशंटचं नाव, यंत्राचा क्रमांक, कुपीचा क्रमांक. शेवटी 'कारण' या चौकटीत दोनच पर्याय होते. 'यंत्राचा बिघाड' आणि 'यादीतील चूक'.

तिचं बोट थांबलेलं सरांनी पाहिलं. चष्मा वर करून त्यांनी पडदा वाचला.

"बिघाड लिहिलंस तरी कुपी जाईल ना?" त्यांनी हळूच विचारलं.

"जाईल."

"आणि दुसरं लिहिलंस तर?"

"तर पठारावरच्या सगळ्या त्रेचाळीस रुग्णालयांत साध्या मण्यारीचं नाव आत्ताच्या आत्ता बंद होईल. माझ्या नावानं चौकशी लागेल."

"मग बिघाड लिही," सर म्हणाले. "बाईचा जीव वाचू दे आधी. बाकीचं आपण सावकाश निस्तरू. नोकरी आहे तुझी."

इतक्या वर्षांनंतर त्यांनी तिच्यासाठी वाट काढून द्यावी, याचं तिला रडू आलं. पण तिनं मान हलवली.

"सर, आज दुपारी अजून कुणाला चावली, तर पेटी पुन्हा तीच कुपी काढून देईल. आणि डॉक्टर म्हणतील, थोडा वेळ द्या." सकाळी हे शब्द तिनंच वापरले होते. तिनं 'यादीतील चूक' वर बोट ठेवलं.

ड्रोन उडाला. त्याच मिनिटाला त्रेचाळीस पडद्यांवर लाल पट्टी आली: मण्यारीचा चावा असेल तर मेलेला साप फेकू नका, खवले मोजा, केंद्राला फोन करा. पाठोपाठ मुंबईहून संचालकांचा फोन आला. नसीमनं सांगितलं, यंत्र ठीक आहे, चूक माझ्या निबंधातली आहे, लेखी पाठवते. पलीकडून पाच-सहा प्रश्न आले. तिनं सगळ्यांची उत्तरं दिली. शेवटी ते म्हणाले, "आधी पेशंटचं काय होतं ते कळवा." आवाज कोरडा होता, पण त्यांनी फोन आपटला नाही.

सत्तर किलोमीटरचं अंतर. पंचेचाळीस मिनिटं. नऊ बेचाळीसला शुभदाचा निरोप आला: दिली.

आता करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. नसीमनं तीन वर्षांचे जुने अहवाल उघडले. पठारावरून आलेले आणि हळू सुधारलेले मण्यारीचे पेशंट तिला आठवत होते. चार निघाले. चौघांच्याही पुढं तिनंच शेरा मारला होता: रुग्णाला उशिरा आणले. चौघंही दोन-तीन आठवडे व्हेंटिलेटरवर होते. तिनं घाईघाईनं प्रत्येकाचं शेवटचं पान उघडलं. घरी सोडले. घरी सोडले. तिसऱ्याचं पान उघडायला वेळ लागला. घरी सोडले. चौथाही. तिनं खुर्चीला पाठ टेकली.

"सर, मी काकू गेल्या तेव्हा आले नाही."

सर खिडकीपाशी उभे होते. "हो. तिनं विचारलं होतं तुझं, दवाखान्यात असताना. म्हणाली, पोरीला कळवा. मी कळवलं नाही." त्यांनी खिडकीच्या गजावरची धूळ बोटानं पुसली. "माझाही हट्टच की. नऊ साप घेऊन बसलो होतो उराशी."

 साडेदहा झाले. पावणेअकरा. शिपायानं चहा आणून ठेवला, त्यावर साय आली. अकरा वाजून पाच मिनिटांनी फोन वाजला आणि नसीमनं तो उचलताना पाडला. सरांनीच उचलून कानाला लावला, मग तिच्यापुढं धरला.

"डावी पापणी!" शुभदा जवळजवळ ओरडत होती. "मॅडम, डावी पापणी हलली! मी म्हटलं, इंदुमती, ऐकू येत असेल तर डोळा उघड, तर उघडला. अर्धा. आता बोट हलवतीय. म्हातारी नाचायचीच बाकी आहे."

मागून ठकूबाईचा आवाज येतच होता. "आगं, बघतीया माझ्याकडं! बघतीया!"

सर भिंतीला हात लावत खाली जमिनीवरच बसले. नसीमला वाटलं त्यांना चक्कर आली. ती धावली. पण ते हसत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना भान नव्हतं. ती त्यांच्याशेजारी फरशीवर बसली. शिपाई दारात येऊन, बघून, तसाच परत गेला.

संध्याकाळी सहाला इंदुमती स्वतः श्वास घ्यायला लागली. दुसऱ्या दिवशी नळी काढली.

किटलीतला साप बर्फात घालून सोलापूरला आला होता. तो ताजा होता, फॉर्मलिननं भिजलेला नव्हता. त्याच्या स्नायूतून केंद्रकातली सगळी जनुकं वाचता आली. आठ दिवसांनी निकाल हाती आला. साध्या मण्यारीपासून ही जात काही लाख वर्षांपूर्वीच वेगळी झालेली होती आणि तिची सख्खी नातेवाईक म्हणून वाळवंटी मण्यारच निघाली. आईकडची जनुकं मात्र नंतर कधीतरी, काही हजार वर्षांपूर्वी, साध्या मण्यारीकडून आलेली होती. नसीमनं ते कागद छापून सरांच्या घरी नेले. सरांनी सावकाश, एकेक आकडा वाचला. नंतर उठून आत गेले आणि दोघांसाठी ताक घेऊन आले.

पुढच्या काही महिन्यांत चौकशी झाली. नसीमची यादीप्रमुखाची जागा राहिली, पण समितीनं नियम बदलला. इथून पुढं एखादी जात यादीत घ्यायची किंवा काढायची तर दोन्ही साठ्यांमधल्या जनुकांचा आणि शरीररचनेचा असा तिहेरी पुरावा हवा. दंशवाचकात पठारासाठी केंद्रकातल्या दोन खुणा वाचायची सोय झाली. वेळ अकरा मिनिटांवरून एकोणीसवर गेला. सरांना मानद सल्लागार करायचं ठरलं. त्यांनी ते नाकारलं; पण मंगळवारी आणि शुक्रवारी ते केंद्रात येऊन नव्या डॉक्टरांना खवले मोजायला शिकवू लागले. त्या चार जुन्या पेशंटना नसीमनं एकेक करून फोन केला आणि काय चुकलं होतं ते सांगितलं. एकानं शिव्या घातल्या. तिनं पूर्ण ऐकून घेतल्या. एकीनं फक्त विचारलं, "आता दुसऱ्या कुनाला आसं हुनार न्हाई ना?" नाही, असं सांगताना नसीमला बऱ्याच दिवसांनी खात्री वाटत होती.

त्याआधीच, मे उजाडायच्या आत, दोघं पठारावर जाऊन आली. शुभदानं वाट समजावून दिली होती. एका उघड्या माळावर, हिवराच्या झाडाखाली वाघमोड्यांची मेंढरं बसली होती. इंदुमती चुलीपाशी भाकरी थापत होती. नळीमुळं आवाज अजून घोगरा होता.

"बसा," ती म्हणाली. आणि मग, जणू कितीतरी दिवस हे कुणाला तरी सांगायचं राहिलं होतं तशी, "मला समदं ऐकू येत हुतं, बाई. डोळं मिटल्यालं, हात हालंना, पर कान उघडं. डागदरीन बाई सापाचं खवलं मोजत हुत्या. एक, दोन, तीन. पाचावर थांबल्या. मला वाटलं, आता संपलं. मग पुन्यांदा मोजाय लागल्या, तवा मी बी मनात मोजलं. आठापतुर."

 सरांनी विचारलं, "आता कशी आहेस, बाळ?"

"भूक लागतीया लई," इंदुमती म्हणाली आणि हसली.

ठकूबाईनं त्यांना भाकरी, कांदा आणि मेंढीच्या दुधाचा चहा दिला. आता ती मंडळी जमिनीवर निजत नव्हती. शुभदानं खटपट करून बाजा आणि मच्छरदाण्या मिळवून दिल्या होत्या, आणि ठकूबाई त्या मच्छरदाणीला नवरीचा पडदा म्हणून हिणवत होती. निघताना ती पालात गेली आणि एक घोंगडी घेऊन आली. काळी, नवीकोरी, काठाला पांढरी रेघ.

"मास्तर, ही तुमाला. सोता कातल्याली हाय लोकर."

"अहो, एवढ्या उन्हाळ्यात—"

"म्हून काय झालं. उन्हाळा काय जलमभर ऱ्हातुय व्हय?" असं म्हणत तिनं ती सरांच्या खांद्यावर टाकली.

गाडी माळावरून डांबरी रस्त्याला लागली. बाहेर बेचाळीस अंश होतं. गाडीतली थंड हवा नेमकी त्या दिवशी चालत नव्हती. नसीमनं चारही काचा खाली केल्या तरी आत भट्टीसारखा वारा येत होता. सर घोंगडी गळ्यापर्यंत लपेटून बसले होते. कपाळावरून घाम निथळत होता.

"सर, काढून ठेवा ना ती. किती उकडत असेल."

"उकडू दे," सर म्हणाले, आणि घोंगडीचं टोक आणखी घट्ट ओढून डोळे मिटून निवांत मागं रेलले.